एकाच मशीनमध्ये तीन जातींची अंडी : पिल्लं वेगळी कशी ठेवायची?

ओढ्याकाठी (धागाकर्ता), रात्री 9:40

मंडळी, नमस्कार. बरेच दिवस वाचनमात्र होतो, आज अडचण घेऊन आलोय.

घरामागे कडकनाथ, ऱ्होड आयलंड रेड आणि ब्लॅक ऑस्ट्रेलॉर्प अशा कोंबड्यांच्या तीन जाती पाळल्यात. थोड्या गावरान आहेत, पण त्या आईच्या, त्यांच्याबद्दल बोलायची सोय नाही. इनक्युबेटर एकच, शंभर अंड्यांचा, पंखा आणि फिरत्या ट्रेचा. एका जातीची शंभर अंडी जमेपर्यंत थांबलो तर पहिली शिळी होतात, म्हणून जमतील तशी तिन्ही एकत्र लावतो. अंड्यावर पेन्सिलीने क, र, ऑ लिहितो. अठराव्या दिवसापर्यंत सगळं शिस्तीत चालतं. मग ट्रे काढून अंडी खाली जाळीवर आडवी ठेवली की शिस्त संपली. सकाळी काचेतून बघावं तर पिल्लांचा ढीग एका कोपऱ्यात, टरफलं दुसऱ्या कोपऱ्यात, आणि 'क' लिहिलेल्या टरफलावर ऑस्ट्रेलॉर्प झोपलेलं. किंवा कडकनाथ असेल. दोन्ही काळीच!

लाल पिल्लांचं काही नाही, ती लांबून कळतात. पण काळ्यांत काळं ओळखायचं कसं? कडकनाथचं मांसही काळं, म्हणून गिऱ्हाईक पैसे मोजून नेतं. चार-पाच महिन्यांनी कापल्यावर आतून पांढरं निघालं तर ते माझ्याच दारात येणार.

मशीनच्या आत काही आडोसा करता येतो का? पिल्लाला खूण काय करायची? की सरळ तीन मशिनी घ्यायच्या? खर्च बेताचा सांगा.

सरकीपेंड, 9:52

शीर्षकात 'जाती' आणि 'वेगळ्या' वाचून भाजलेले शेंगदाणे घेऊन बसलो होतो. घोर निराशा.

माणदेशी, 10:15

सरकीपेंड, शेंगदाणे कोंबड्यांना टाका.

ओढ्याकाठी, तीन मशिनी कशाला? वेगळं करायचंय ते शेवटच्या तीन दिवसांपुरतं. भाजी धुवायची चौकोनी प्लास्टिकची टोपली मिळते, भोकाभोकांची, तशा सारख्या मापाच्या दोन घ्या. एक सुलटी, तिच्यात अंडी, दुसरी तिच्यावर उपडी, आणि चार कोपऱ्यांना केबल टाय. झाली कडकनाथची खोली. तशीच ऑस्ट्रेलॉर्पची. लाल अंडी बाहेर मोकळी राहिली तरी चालतंय, ती ओळखू येतात म्हणताय तर.

आत पिल्लाला मान वर करून उभं राहता आलं पाहिजे एवढी उंची ठेवा. भोक मात्र बारीक पाहिजे. मोठं असलं की पिल्लू त्यातनं डोकं घालतं आणि मागं घेता येत नाही. तळाला कोरा कागद किंवा वर्तमानपत्र नको, घसरून पाय फाकतात. कपाटाच्या फळीवर अंथरतात ती रबरी जाळीची मॅट कापून घाला, नाहीतर धुतलेल्या गोणपाटाचा तुकडा.

आणि टोपल्यांची भिंत पंख्यासमोर उभी करू नका. हवा अडली की मागच्या अंड्यांना ऊब कमी आणि पुढच्यांना जास्त. बोटभर फट सगळीकडून राहू द्या.

अपर्णा_कुडाळ, 10:31

माणदेशी म्हणतात ते बरोबर, पण लहान मशीनमध्ये टोपल्या मावतच नाहीत. मी चेनची जाळीदार पिशवी वापरते, वॉशिंग मशीनमध्ये नाजूक कपडे घालतात ती. एका पिशवीत दहा-बारा अंडी सैल ठेवायची, आत जाड तार वाकवून तंबूसारखी उभी करायची म्हणजे जाळी अंगावर पडत नाही. पिल्लं सुकली की पिशवीसकट बाहेर. टरफलंही त्याच पिशवीत राहतात, मशीन कमी घाण होते.

कांद्या-लसणाच्या जाळीची पिशवी मात्र चुकूनही घेऊ नका. फुकट मिळते म्हणून सगळ्यांना तीच सुचते. तिचे धागे सुटतात आणि ओल्या पिल्लाच्या पायाला आटी बसते. शेजारच्या वाडीत एकाकडे बघितलंय, पाय टम्म सुजलेला आणि दोरा आत रुतलेला. शेवटी नखं कापायच्या कात्रीने एकेक धागा तोडून सोडवलं.

थोडीच अंडी असतील तर तांदूळ धुवायची बांबूची रोवळी उपडी घाला. ती आमच्याकडे घरोघरी असते. फक्त सासूबाईंना विचारून घ्या.

ओढ्याकाठी, 10:44

ताई, पिशवीची कल्पना आवडली. एक शंका. पिल्लू अडकलेलं दिसलं तर लगेच काढता येतं ना? मी तसाही दर दोन तासांनी दार उघडून सुकलेली पिल्लं काढतो.

पशुवैद्य_नाना, 11:20

ते दर दोन तासांचं आधी बंद करा.

अठराव्या दिवसानंतर आतली आर्द्रता 65 ते 70 टक्के लागते. तुम्ही दार उघडलंत की ती भसकन खाली येते. ज्या पिल्लाने अंड्याला नुकती चोच मारलेली असते, त्याच्या भोवतीचा पातळ पापुद्रा वाळून अंगाला चिकटतो आणि ते गोल फिरू शकत नाही, जागच्या जागी मरतं. पहिली पिल्लं काढण्याच्या नादात मागची मारली जातात. म्हणूनच टोपली किंवा पिशवीचा दुसरा फायदा असा की घाई राहत नाही, सगळी आपापल्या जागी सुकत बसतात.

उपाशी मरतील ही भीती सोडा. फुटण्याआधी पिल्लू उरलेला बलक पोटात ओढून घेतं, त्यावर ते दोन-तीन दिवस सहज काढतं. एक दिवसाची पिल्लं खोक्यात भरून एसटीने, रेल्वेने लांब जातात ती याच जोरावर. बहुतेक पिल्लं सुकली की एकदाच उघडा, फार तर दोनदा. अडकलेलं दिसलं तर अर्थात काढा, पण झटपट, आणि लगेच कोमट पाण्याचा भांडंभर ओलावा आत ठेवा.

पेन्सिलीबद्दल : तीच बरोबर. शाईचा मार्कर नको, टरफलाला छिद्रं असतात. अंड्याच्या दोन-तीन बाजूंना लिहा. रुंद टोकावर लिहिलं तर पिल्लू नेमकं तिथेच टोपण उडवतं.

खुडूक, 11:28

माझी आजी कोळशाने खूण करायची. नवीन घातलेलं अंडं कोणतं आणि बसवलेलं कोणतं, ते कळायला. टोपलीत भाताचं काड, त्यावर दहा-बारा अंडी, एक लोखंडाचा तुकडा. लोखंड वीज कडाडली तर अंडी बाद होऊ नयेत म्हणून. एकवीस दिवसांत पिल्लं बाहेर. तापमान, आर्द्रता, अंडी फिरवणं, सगळं कोंबडी बघायची आणि लोडशेडिंगचा प्रश्न नाही.

तापीकाठ, 11:55

खुडूकभाऊ, कडकनाथच्या बाबतीत हे चालत नाही, ती कोंबडी अंड्यांवर नीट बसतच नाही. मध्य प्रदेशात झाबुआ-आलिराजपूरकडे भिल्ल, भिलाला लोक पिढ्यान्‌पिढ्या पाळत आलेत. तिकडेही ती अंडी बहुतेक दुसऱ्या कोंबडीखाली बसवतात. वर्षाला ऐंशी-नव्वद अंडी, तीही लहान. त्यामुळे मशीन लागतेच.

पण मूळ प्रश्न कुणी विचारलाच नाही. ओढ्याकाठी, तुमचे कोंबडे कुठे असतात?

ओढ्याकाठी, 11:58

म्हणजे? तिन्ही जातींचे वेगवेगळे आहेत. रात्री प्रत्येकाचं खुराडं वेगळं. दिवसा मोकळे सोडतो.

तापीकाठ, रात्री 12:03

सगळे एकत्र?

ओढ्याकाठी, 12:04

हो. एकच आवार आहे.

सरकीपेंड, 12:05

आता शेंगदाणे कामी येणार.

तापीकाठ, 12:20

मग भाऊ, टोपली घ्या की पिशवी, फरक पडत नाही. 'क' लिहिलेलं अंडं कडकनाथच्या कोंबडीने घातलं एवढंच तुम्हाला माहीत आहे. बाप कोण, ते तिलाच माहीत.

जाती वेगळ्या ठेवायच्या त्या आवारात. मशीनची पाळी त्यानंतर. ज्यांची अंडी लावायची त्या कोंबड्या आणि त्यांचाच कोंबडा जाळीत वेगळे करा. आठ-दहा माद्यांना एक नर पुरतो. वेगळं केल्यापासून तीन आठवडे ती अंडी खा किंवा विका, मशीनला लावू नका. त्यानंतरची लावा. चौथा आठवडाही सोडलात तर आणखी निर्धास्त.

सरकीपेंड, 12:24

तीन आठवडे? कोंबडा कालच वेगळा केला तर आजचं अंडं त्याचं कसं असेल?

पशुवैद्य_नाना, सकाळी 7:10

तापीकाठ अगदी योग्य बोलले. कोंबडीच्या अंडवाहिनीत बारीक नलिका असतात, तिथे शुक्राणू साठून राहतात आणि रोज थोडे थोडे सुटतात. एकदा नर लागला की दोन आठवडे, कधी त्याच्याही पुढे, अंडी फळत राहतात. नवा कोंबडा सोडला तर त्याचं चलन हळूहळू वाढतं, पण मधल्या काळात दोघांची सरमिसळ असते. म्हणून तीन आठवडे.

याच्याच उलट एक खुळी समजूत गावोगाव आहे, की मादीला एकदा परजातीचा नर लागला की ती कायमची बाटली. तसं काही नसतं. साठा संपला की विषय संपला. गावठी कोंबड्याबरोबर वर्षभर फिरलेली कडकनाथ तीन-चार आठवड्यांनी शुद्ध पिल्लं देते, नर शुद्ध असेल तर.

वऱ्हाडी_ठेचा, 8:02

काऊन एवढा खटाटोप करून ऱ्हायले भाऊ? बजारात कोंबडा तोलून जाते, जन्मपत्रिका पाहून नाही. गावरान म्हणजे तरी काय, सारं मिसळलेलंच असते. उलट मिसळलेला गडी कणखर राह्यते, मानमोडीच्या रोगातूनही एखादा वाचून जाते. मले तर तुमचं पोरगं वाढवू की त्याचं गोत्र पाहू, असं झालं.

माणदेशी, 8:30

ठेचाभाऊ, अंड्यासाठी आणि खाण्यासाठी पाळत असाल तर खरंय, मिसळ जोमदार निघते. पण धागाकर्त्याला कडकनाथ म्हणून विकायचंय. नावावर दर मिळतो तिथं नाव खरं पाहिजे. कडकनाथच्या नावाखाली आपल्या भागात मध्यंतरी फसवणूक होऊन शेतकऱ्यांची काय अवस्था झाली ते सगळ्यांनी बघितलंय. गिऱ्हाईक आता चोच उघडून जीभ बघून घेतंय.

आणि दुसरी बाजू सांगतो. वनराजा, गिरिराजा ह्यांची अंडी घरी लावून तीच जात मिळेल असं समजू नका. ती संकरातून तयार केलेली आहेत. त्यांच्या पोटी निघणारी पिल्लं एक इकडं, एक तिकडं. वजनही तेवढं राहत नाही. ती पिल्लं दरवेळी हॅचरीतनंच आणावी लागतात. ऱ्होड आयलंड, ऑस्ट्रेलॉर्प, कडकनाथ, असील यांचं तसं नाही, जोडी शुद्ध असली की पोरं आईबापासारखी.

ओढ्याकाठी, 9:15

बरं. आवार मी जाळी मारून तीन भाग करेन. आईच्या गावरानांचा चौथा. पण सध्या मशीनमध्ये अंडी आहेत, परवा दोन आठवडे होतील. त्यांचं काय करू? निदान रंगावरून कळेल ना, जे पूर्ण काळं ते कडकनाथ?

पशुवैद्य_नाना, 9:40

नाही, आणि ह्यातच लोक फसतात.

कडकनाथचा काळेपणा ज्या जनुकामुळे येतो ते प्रभावी आहे. म्हणजे आईबापांपैकी एकाकडून आलं तरी पिल्लाची कातडी काळपट होते. सिल्की नावाच्या कोंबडीतही तेच आहे. त्यावर दुसरं एक जनुक, लिंगाशी जोडलेलं, हा रंग दाबतं. ऱ्होड आयलंड रेडसारख्या पिवळ्या पायांच्या जातीत ते असतं. आता तुमच्या आवारातला कडकनाथचा नर ऱ्होड आयलंडच्या मादीला लागला तर काय होईल? माद्या निघतील चांगल्या काळ्या आणि नर फिकट. तुम्ही काळी पिल्लं कडकनाथ म्हणून बाजूला काढाल आणि त्यातलं प्रत्येक पिल्लू अर्धंच कडकनाथ निघेल. बेटसन आणि पनेट या ब्रिटिश जनुकशास्त्रज्ञांनी सिल्की आणि लेगहॉर्न घेऊन हे शंभर वर्षांपूर्वीच दाखवलं होतं.

म्हणून काळं पिल्लू म्हणजे शुद्ध पिल्लू नव्हे. उलट मात्र धरून चालता येतं : फिकट जीभ, गुलाबी तळवे असलेलं पिल्लू शुद्ध कडकनाथ नाही.

कडकनाथ आणि ऑस्ट्रेलॉर्प यांच्यात फरक करायचा तर पिल्लू उलटं धरा. ऑस्ट्रेलॉर्पचं पोट, हनुवटी, पंखांची टोकं पांढुरकी-पिवळसर असतात आणि तळवे फिकट. कडकनाथ निळसर काळं, पाठीवर अस्पष्ट गडद पट्टे, चोच-पाय-बोटं सगळी काळी. दोघांची सरमिसळ असेल तर हे ठोकताळे लागू पडत नाहीत.

सध्याच्या बॅचची पिल्लं 'काळी मिसळ' म्हणून स्वस्तात द्या.

अपर्णा_कुडाळ, 9:58

किंवा ठेचाभाऊंना द्या.

वऱ्हाडी_ठेचा, 10:01

आणा ना, तोलून घेतो.

क्लीव्हलँडकर, 10:20

अमेरिकेतून लिहितोय. आमच्या गावात कोंबड्या पाळायला परवानगी, कोंबडा पाळायला नाही (पहाटेची बांग शेजाऱ्यांना चालत नाही). त्यामुळे फलित अंडी टपालाने मागवावी लागतात. प्रवासात हवेचा कप्पा हलतो, म्हणून आली की टोकदार बाजू खाली करून दिवसभर तशीच ठेवायची, मगच मशीनमध्ये.

वेगळं ओळखायचा त्रास नाही, कारण मी जातीच तशा निवडल्या. अमेरॉकानाचं अंडं निळं, मरानचं गडद चॉकलेटी, लेगहॉर्नचं पांढरं. पेन्सिल लागतच नाही. फुटल्यानंतर मात्र तुमच्यासारखाच गोंधळ. इथे पायात घालायच्या रंगीत रिंगा मिळतात, एका जातीला एक रंग.

माणदेशी, 10:35

रिंगा आपल्याकडंबी मिळत्यात. नाही मिळाल्या तर बारीक केबल टाय, चार रंगांचं पाकीट. पण त्यावर नजर पाहिजे. पिल्लाचा पाय आठवड्यात जाड होतो आणि टाय तेवढाच राहतो, मांसात रुततो. दर आठवड्याला कापून नवा घालायचा. ज्याला तेवढा वेळ नाही त्यानं घालू नये.

आमच्याकडं पाहुण्यांच्या पोरीनं पिल्लांच्या नखांना नेलपॉलिश लावलं होतं, जातीप्रमाणं रंग. हसू नका, आठवडाभर टिकलं.

प्रयोगशील_पाटील, 11:05

एक भन्नाट उपाय वाचलाय. अकराव्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान अंड्याच्या निमुळत्या टोकाकडून सुईने खाण्याचा रंग आत सोडायचा, भोक मेणाने बंद. पिल्लू फुटतं तेच रंगीत! कडकनाथला हिरवा, ऑस्ट्रेलॉर्पला लाल. कुणी करून बघितलंय का?

सरकीपेंड, 11:09

लहानपणी जत्रेत टोपलीभर गुलाबी-हिरवी पिल्लं मिळायची, आम्ही पाच भावंडांनी रडून एक घेतलं होतं. ती अशीच निघायची काय?

खुडूक, 11:14

छे. ती अंड्याच्या कोंबड्यांतली नको असलेली नर पिल्लं, फुटल्यानंतर रंगात बुचकळलेली. हॅचरीला ती ओझं, जत्रावाल्याला धंदा.

पशुवैद्य_नाना, 11:30

पाटील, रंगाची पद्धत खरी आहे, पक्ष्यांच्या अभ्यासात पिल्लं लांबून ओळखायला वापरतात. पण सुई निर्जंतुक हवी, जरा खोल गेली की गर्भ गेला, आणि भोकातून जंतू शिरले की अंडं सडतं. सडलेलं अंडं मशीनमध्ये फुटलं तर शेजारची पंचवीस बरबटतात आणि वास आठवडाभर जात नाही. रंग फक्त जन्माच्या लवेला बसतो, दोन-तीन आठवड्यांत पिसं आली की गेला. शिवाय काळ्या पिल्लावर हिरवा दिसणार कसा? तुमच्या दोन्ही जाती काळ्याच आहेत.

कायमची खूण हवी असेल तर पायाच्या बोटांमधल्या पडद्याला बारीक पंच मारतात. एका पायाला दोन पडदे, म्हणजे एकूण चार. कुठे भोक आहे, कुठे नाही यावरून सोळा वेगवेगळ्या खुणा होतात. पहिल्याच दिवशी करायचं, भोक आरपार हवं आणि सुटलेला तुकडा काढून टाकायचा, नाहीतर ते बुजतं. संशोधन केंद्रांवर यापेक्षा पंखाला नंबरचा बिल्ला मारतात. घरगुती कामाला पंच पुरे.

तापीकाठ, दुपारी 1:40

नाना, तुम्ही आहात तर रोगाचंही सांगा. तीन जातींची अंडी तीन ठिकाणांहून आणून एकत्र लावणारे बरेच आहेत. 2006 साली आमच्या नवापूरला बर्ड फ्लू आला तेव्हा काय झालं ते आम्ही जवळून पाहिलंय. तेव्हापासून बाहेरचं पीसही आत घेताना विचार करतो.

पशुवैद्य_नाना, 2:25

जातींची सरमिसळ ही बाजारातली अडचण, कळपांची सरमिसळ ही रोगाची. पुलोरम, म्हणजे पांढऱ्या हगवणीचा रोग, आईकडून अंड्यातून पिल्लात येतो. एक बाधित पिल्लू फुटलं की त्याची लव पंख्याने सगळ्या मशीनभर उडते. त्यामुळे अनोळखी ठिकाणची अंडी स्वतःच्या अंड्यांबरोबर शेवटचे तीन दिवस ठेवू नयेत, जाळीची पिशवी असली तरी. पिशवी पिल्लू अडवते, जंतू अडवत नाही.

घाण अंडी धुऊन लावू नका, ती लावूच नका. प्रत्येक बॅचनंतर मशीन धुऊन उन्हात वाळवा. लसी सगळ्या जातींना सारख्याच : पहिल्या दिवशी मरेक्स, पाच ते सात दिवसांत मानमोडीची लासोटा, दोन आठवड्यांच्या सुमारास गंबोरो. वेळापत्रक आपल्या तालुक्याच्या दवाखान्यातून पक्कं करून घ्या.

अपर्णा_कुडाळ, 3:05

नाना जे म्हणताहेत त्यावरूनच माझा खरा सल्ला येतो. फिरवायचं काम एकाच मशीनमध्ये, फुटायचं काम वेगळ्या पेट्यांत. सरकारी अंडी उबवणी केंद्रातही तसंच, सेटर वेगळा, हॅचर वेगळा.

फुटायच्या पेटीत अंडी फिरवायची नसतात, त्यामुळे मोटार नको, ट्रे नको. मासळी बाजारात थर्मोकोलची पेटी मिळते. सोड्याने दोनदा धुवा, नाहीतर पिल्लांना जन्मभर बांगड्याचा वास. आत चाळीस वॅटचा बल्ब, त्याला पत्र्याचा आडोसा, कॉम्प्युटरचा जुना पंखा, एक डब्लू-1209 थर्मोस्टॅट, तळाला पाण्याचं ताट आणि वर जाळी. हवेसाठी दोन-चार भोकं. अशी एका जातीला एक. खर्च दुसऱ्या मशीनच्या मानाने किरकोळ.

थर्मोस्टॅटच्या आकड्यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. ताप बघायचा थर्मामीटर अंड्यांच्या उंचीला ठेवून ताडून बघा. पंखा असलेल्या पेटीत 37.5 अंश धरायचं, शेवटच्या तीन दिवसांत किंचित कमी चालतं, कारण तोवर पिल्लं स्वतःच ऊब टाकायला लागतात. आर्द्रतेचा काटा मिठाने तपासा : बाटलीच्या टोपणात मीठ, पाण्याने जेमतेम ओलं करून, काट्याबरोबर हवाबंद पिशवीत रात्रभर. 75 टक्के दाखवायला हवं. माझा 83 दाखवत होता.

ओढ्याकाठी, 3:30

हे उत्तम. पेटी आजच शोधतो. पण ताई, शिळ्या अंड्यांचा प्रश्न राहतोच. एका जातीची रोज तीन-चारच अंडी मिळतात.

तापीकाठ, 4:10

सात दिवसांची लावा, त्यापुढे फळण कमी होत जाते. टोकदार बाजू खाली, घरातल्या सगळ्यात गार कोपऱ्यात. 15 ते 18 अंश उत्तम, पण आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये ते कुठून आणणार. माठाशेजारी ओल्या गोणपाटाखाली ठेवतो मी, अंड्याला ओल लागू न देता. फ्रीज नको. उन्हाळ्यात चार-पाच दिवसांच्या वर साठवतच नाही.

तुमच्या मशीनला दर आठवड्याला जमतील तेवढी अंडी घाला, तारीख लिहून. सेटरमध्ये वेगवेगळ्या वयाची अंडी एकत्र चालतात, आर्द्रता 50-55 ठेवायची. अठरा दिवस झाली की ती ओळ उचलून ताईंच्या थर्मोकोलच्या पेटीत. मशीन कधी रिकामी राहत नाही आणि तीन जातींच्या तीन पेट्या. वीज गेली तर इन्व्हर्टर आधी पेट्यांना जोडा. सेटरमधली अंडी तासभर गार झाली तरी सहसा तरून जातात.

खुडूक, 4:22

आणि पिल्लं मोठी होताना? एकत्रच वाढवायची की तिथेही जाळी?

माणदेशी, 5:00

तिथंबी वेगळीच बरी. ऱ्होड आयलंडची पिल्लं अंगानं लवकर भरतात, कडकनाथ बारीक राहतंय, खाद्याच्या भांड्याशी त्याला कुणी येऊ देत नाही. असील असला तर विचारूच नका, मिशी फुटायच्या आधी मारामाऱ्या. पहिल्या आठवड्यात बल्बखाली 35 अंश, मग दर आठवड्याला तीनेक अंश कमी. जातीप्रमाणं पुठ्ठ्याच्या गोल कुंपणाचे कप्पे करा. तलंगा, म्हणजे तरण्या कोंबड्या, अंड्यावर यायच्या आधी, म्हणजे चौथ्या महिन्यातच, कोंबडे पक्के वेगळे. त्यावेळी आळस केला की वर नानांनी सांगितलेले तीन आठवडे पुन्हा पहिल्यापासून.

वऱ्हाडी_ठेचा, 5:12

आणि शेजाऱ्याचा कोंबडा कुंपणावरून उडी मारून आला तं?

माणदेशी, 5:14

वरनंबी जाळी.

ओढ्याकाठी, रात्री 9:05

सगळ्यांचे आभार. आवाराची जाळी सांगून आलो, वरची धरून (ठेचाभाऊ, तुमच्यामुळे खर्च वाढला). कोंबडे उद्यापासून वेगळे, अंडी तीन आठवडे घरात खाऊ. मशीनमधली बॅच अपर्णाताईंच्या पिशव्यांतच फोडतो, सवय म्हणून, आणि विकताना मिसळ म्हणूनच सांगेन.

अडचण एकच आहे. जाळीवाला म्हणतो चार कप्पे होतील, पण आई म्हणते तिचा गावरान कोंबडा डांबायचा नाही, तो सकाळी अंगणात फिरलाच पाहिजे. तो साहेब गेली दोन वर्षं सगळ्या आवाराचा मालक आहे.

सरकीपेंड, 9:11

म्हणजे आजवरची सगळी कडकनाथ त्याचीच!

तापीकाठ, 9:20

त्याला फिरू द्या हो. तुमच्या जातिवंत माद्या जाळीच्या आत आहेत ना, तो बाहेर कितीही फिरो. फक्त जाळीचं दार आपोआप बंद होईल असं करून घ्या, स्प्रिंग लावून. पाणी ठेवायला गेलेलं माणूस दार उघडं टाकतंच.

बटेरप्रेमी, 10:48

उशिरा आलो. याच सेटरमध्ये बटेराची अंडी लावली तर चालतील का? ती सतरा-अठरा दिवसांतच फुटतात.

अपर्णा_कुडाळ, 11:02

चालतील, पण चौदाव्या-पंधराव्या दिवशी उचलून वेगळ्या पेटीत. आणि पेटीची जाळी अजून बारीक लागेल, ते पिल्लू अंगठ्याएवढं असतं, माणदेशींच्या टोपलीच्या भोकातून सरळ बाहेर येईल. सविस्तर हवं असेल तर नवीन धागा काढा, तिथे लिहिते.